बाकावरची नावे

आमच्या चर्चमध्ये चाळीस बाके आहेत. प्रत्येक बाकाच्या पाठीवर, मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा ठिकाणी, एक नाव कोरलेले आहे. कोणाच्या आईचे, कोणाच्या आजोबांचे, कोणाच्या अकाली गेलेल्या लेकराचे. नावाखाली दोनच शब्द : 'यांच्या स्मरणार्थ'. आमचे प्रवचन लांबले (आणि ते लांबते, हे आम्हांस ठाऊक आहे) की लहान मुले त्या अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवीत बसतात. आयांना ते आवडत नाही. आम्हांला मात्र ते पाहून बरे वाटते. कारण ज्या हातांनी ती अक्षरे कोरली, त्या हातांच्या धन्याला त्यांतले एकही अक्षर वाचता येत नव्हते.

ती हकिकत आज वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. तीत आमची शोभा फारशी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तुरुंगभेटीचे काम आमच्याकडे २०१५ साली आले. ते आम्ही मागून घेतले नव्हते. सेमिनरीत असताना तुरुंग म्हणजे आमच्या लेखी मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातला एक शब्द होता. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि शेवटी बंदिवान. परीक्षेत ही यादी क्रमाने लिहिली की गुण मिळत. त्या यादीतला शेवटचा मनुष्य खरोखर कसा असतो, हे पाहायला पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका मध्यवर्ती कारागृहाच्या लोखंडी दिंडीतून वाकून आत जावे लागले. त्या कारागृहाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तेथील अधिकारी आमच्याशी सदैव सौजन्याने वागले. दोष असलाच तर तो कुठे होता ते पुढे येईलच.

दर गुरुवारी सकाळी साडेदहा ते बारा आम्ही तेथे साक्षरतेचा वर्ग घेऊ लागलो. प्रार्थनेसाठी येणारे ख्रिस्ती बंदी चार-पाचच. अक्षरांसाठी मात्र वीसपंचवीस जण येत. त्यांत 'कच्चे' असत, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे असे. आणि 'पक्के' असत, म्हणजे शिक्षा लागलेले. आपल्या देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांतली दर चारांपैकी तीन कच्ची होती. कच्च्या कैद्याकडून सक्तीने मजुरी करून घेता येत नाही. त्यामुळे त्याचा दिवस रिकामा, आणि तो रिकामा दिवस त्याला खातो. तुरुंगातच आजारी पडून ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील रुग्णालयात अखेरचा श्वास घेतलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी हेही कच्चे कैदीच होते. तळोजा तुरुंगातून पाठविलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या दुखण्यापेक्षा सोबतच्या गरिबांविषयी लिहिले : आपल्यावर आरोप कोणता आहे, हेच त्यांतल्या अनेकांना ठाऊक नाही. ज्याला आपले आरोपपत्र वाचता येत नाही, त्याला साक्षरता म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता बाकांकडे वळू.

२०२३ च्या पावसाळ्यापूर्वी आमच्या चर्चची जुनी बाके वाळवीने पोखरली. अर्थसमितीने बाहेरच्या दोन सुतारांकडून दर मागविले. ते ऐकून समितीचे चेहरे उतरले. तेव्हा आम्हीच सुचविले की, कारागृहाच्या सुतारी विभागात उत्तम सागवानी काम होते, तेथे मागणी नोंदवू. दर पुष्कळच कमी आला. एका बाकामागे साडेसहा हजार रुपये देणगी ठरली आणि दोन रविवारांत चाळीस कुटुंबांनी नावे दिली. त्या आनंदात आम्ही वेदीवरून एक प्रवचनही केले. बंदिवानांना काम देणे ही प्रत्यक्ष प्रभूचीच सेवा, असे त्याचे सार होते. लोकांनी ते मन लावून ऐकले. स्वस्त वस्तू आणि पुण्य ही दोन्ही एकाच पावतीवर मिळत असतील, तर कोण ऐकणार नाही?

कारखान्यात नावे कोरण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना सारे 'मिस्त्री' म्हणत. आम्हीही तेच नाव वापरतो. वय साठीच्या जवळ, अंगाने काटक, बोलणे बेताचे. जन्मठेपेची अकरा वर्षे भोगून झालेली. त्यांनी काय केले, हे आम्ही कधी विचारले नाही. एकदा त्यांनीच रंधा मारता मारता सांगितले. बांधावरून भाऊबंदकी पेटली, हातात कुऱ्हाड होती, समोर चुलतभाऊ होता. "त्याची पोरं माझ्या मांडीवर खेळल्याली, फादर," एवढे बोलून त्यांनी पुन्हा रंधा हाती घेतला. त्यांच्या बोलण्यात सबब नव्हती. म्हणूनच या लेखातही ती असू नये. मिस्त्री निरपराध नव्हते.

आम्ही नावांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून दिली होती. मिस्त्री ती कागदावरून कार्बनने लाकडावर उतरवीत आणि पटाशीने कोरीत. एके दिवशी आम्ही पाहिले की, त्यांनी यादीचा कागद उलटा धरला होता. आमच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य त्यांनी ओळखले.

"मला काय त्याचं, फादर? वेलबुट्टी असती तशी ही बी नक्षीच. कुठं वळतंया, कुठं थांबतंया, तेवढं बघायचं."

"मग चूक झाली तर कळते कशी?"

"नक्षी मोडल्याली दिसती की."

थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग सावकाश म्हणाले, "समद्या बाकांवर खालची नक्षी एकच हाय. ती काय म्हनती?"

आम्ही सांगितले, "स्मरणार्थ. म्हणजे, आठवण राहावी म्हणून."

पुढच्या गुरुवारी मिस्त्री वर्गात येऊन बसले. सगळ्यांची बाराखडी 'अ' पासून सुरू होते. मिस्त्रींची 'स्म' पासून झाली. आमच्या सगळ्या पाठ्यक्रमाला फाटा देऊन त्यांनी तो एक शब्द फोडायला घेतला. त्यातला 'र' सापडला, तसा तो त्यांनी आपल्या गावाच्या नावात हुडकला. 'ण' मिळाल्यावर बायकोचे नाव अर्धे झाले. रफार कशाला म्हणतात, हे त्यांना त्याचे नाव कळण्याआधी हाताला कळले होते. मात्र एक अडचण होती, ती आम्हांस तीन आठवड्यांनी उमगली. मिस्त्रींना जवळचे दिसत नव्हते. लाकूड ते बोटांनी वाचीत. पाटीवरचे अक्षर बोटाला लागत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका चष्मेवाल्याने तपासणीची सोय केली. अधिकाऱ्यांच्या परवानगीने चष्मा आत गेला आणि मिस्त्री वाचू लागले, अडखळत, पण वाचू लागले.

आणि मग ते येईनासे झाले.

एक गुरुवार गेला, दुसरा गेला, पाच गेले. सणाचा दिवस जानेवारीत होता आणि बिशपमहाराज बाकांना आशीर्वाद देण्यासाठी यायचे होते. आम्ही कारखान्याच्या अधिकाऱ्यांना भेटून, काहीशा तक्रारीच्या सुरात, विचारले की मिस्त्रींना वर्गाला का सोडत नाही. त्यांनी फाईल उघडून आमच्यापुढे सरकविली. तीत आमच्याच कार्यालयाचे पत्र होते, खाली आमचीच सही होती : 'सण जवळ आल्याने काम त्वरेने पूर्ण करून मिळावे, ही नम्र विनंती.' ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "फादर, कोरीव काम करणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. आणि ऑर्डर तुमचीच आहे."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते? वर्गाचा गुरुजी आणि कामाचा मालक एकच होता, आणि मालकाने गुरुजीचा विद्यार्थी ओढून नेला होता.

त्या रात्री आम्ही 'सक्तमजुरी' या शब्दाकडे प्रथमच नीट पाहिले. मराठी माणूस हा शब्द वृत्तपत्रात रोज वाचतो आणि पुढे जातो. इंग्रजी राजवटीने दिलेल्या दंडसंहितेच्या त्रेपन्नाव्या कलमात कारावासाचे दोन प्रकार होते, साधा आणि सश्रम. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या चौथ्या कलमातही हा भेद तसाच आहे. इकडे आपल्या राज्यघटनेचे तेविसावे कलम वेठबिगारीला मनाई करते. मग तुरुंगातल्या मजुरीचे काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरात राज्याच्या एका प्रकरणात आला आणि २४ सप्टेंबर १९९८ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा मथितार्थ असा : न्यायालयाने सश्रम शिक्षा दिली असेल, तर कैद्याकडून काम करून घेणे बेकायदा नाही; पण त्या कामाचा न्याय्य मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. अन्नवस्त्राचा खर्च सरकारने त्यातून कापण्यास हरकत नाही. आणि त्याच मजुरीचा एक भाग ज्याच्यावर अन्याय झाला त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला मिळेल, अशी तरतूद करावी. हा शेवटचा विचार आम्हांस विशेष वाटला. ज्याने घाव घातला त्याच्या घामातले काही, ज्याला घाव बसला त्याच्या घरी जावे. पश्चात्ताप-संस्कारात आपण ज्याला भरपाई म्हणतो, ती हीच नव्हे काय?

प्रत्यक्षात मोबदला किती? महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ मध्ये तो वाढविण्यात आला. वाढीनंतर कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलाला ६७ आणि अकुशलाला ५३. आम्ही कागद घेऊन गणित मांडले. आमच्या एका बाकाची देणगी साडेसहा हजार. मिस्त्रींनी चहाचा एक थेंबही न घेता सगळी मजुरी साठविली, तरी आपल्या आईच्या नावाचे एक बाक द्यायला त्यांना अठ्ठ्याऐंशी दिवस राबावे लागले असते. हे गणित उगाच मांडले नव्हते. कागद उलटा धरणाऱ्या त्या माणसाने एकदा विचारले होते, "आमच्या आईचं नाव घालायचं झालं, तर काय पडंल?"

वाचकहो, बंदिवानाच्या हातची वस्तू वापरताना त्याचे नाव विसरणे हे आजचे नाही. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यात वॉटर्लू दालन म्हणून एक भव्य दालन आहे. तेथील प्रचंड गालिचा राणी व्हिक्टोरियासाठी आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला होता. तो सुमारे दोन टन वजनाचा आहे. १९९२ साली राजवाड्याला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. गालिचाचे वजन इतिहासाने नोंदविले आणि राणीचे नाव तर नोंदविलेच. विणणाऱ्यांची नावे मात्र त्या गालिचासोबत कोणी सांगत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास तरी वेगळा आहे का? तो दोन्ही बाजूंचा आहे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना खाणींत राबण्याची शिक्षा होत असे. पोप पहिले कॅलिक्स्टस हे मूळचे गुलाम. सार्डिनिया बेटावरच्या खाणींत ते सक्तमजुरी भोगून आले आणि पुढे, २१७ च्या सुमारास, संत पेत्राच्या आसनावर बसले. ही माहिती आपल्याला मिळते ती हिप्पोलिटस या त्यांच्या कडव्या विरोधकाच्या लेखणीतून. आणि काळाचा न्याय असा की, २३५ साली त्याच हिप्पोलिटसला तत्कालीन पोप पोन्तियन यांच्यासह त्याच सार्डिनियाला पाठविण्यात आले. परंपरा सांगते, तेथे त्यांचा समेट झाला. दोघेही आज संत आहेत.

पण ज्यांच्या पूर्वजांनी खाणी भोगल्या, त्यांनीच पुढे दुसऱ्यांना वल्ह्यांना जुंपले. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले. डेलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला अटक झाली आणि आपल्या वसईमार्गे त्याला गोव्याला नेण्यात आले. १६७६ मध्ये त्याला शिक्षा फर्माविली ती पाच वर्षे गॅलीची, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजावरील बंदिवानांसोबत राबण्याची. पुढे सुटल्यावर त्याने लिहिलेले वृत्त युरोपभर वाचले गेले. हे आपल्याच घरातले आहे आणि ते झाकून दुसऱ्यांच्या तुरुंगांविषयी बोलणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आपल्या घरातले दुसरेही आहे. फ्रान्समध्ये संत विन्सेंट दी पॉल १६१९ साली त्याच गॅलींवरच्या कैद्यांचे मुख्य धर्मगुरू झाले. इटलीत तुरीन शहरात पाठीला बाक असलेले एक ठेंगणे धर्मगुरू, संत जोसेफ कफासो, फाशी जाणाऱ्यांच्या सोबत शेवटच्या पायरीपर्यंत चालत. त्यांनी आपल्याबरोबर एका तरुण धर्मगुरूला तुरुंगात नेले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले कुजत पडलेली पाहून तो तरुण हादरला. बाहेर कोणी त्यांचा हात धरला असता तर ती आत आली असती का, हा प्रश्न त्याला सोडीना. त्याचे नाव जॉन बॉस्को. आज आपली मुले डॉन बॉस्कोच्या शाळांत ज्या शिक्षणपद्धतीने शिकतात, तिचे एक मूळ तुरीनच्या तुरुंगात आहे, हे पालकांनी एकदा मुलांना सांगावे.

मजुरी आणि विद्या एकाच जागी कशा नांदू शकतात, याचे आमच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण रॉबेन बेटाचे आहे. नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी १९६५ पासून तेथील चुनखडीच्या खाणीत राबत. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजत. काळ्या चष्म्याची मागणीही कित्येक वर्षे मान्य झाली नाही. पण त्याच खाणीत, कुदळ मारता मारता आणि कपारीच्या आडोशाला बसून, जाणता नेणत्याला शिकवीत असे. कोणी इतिहास शिकवी, कोणी कायदा, तर कोणी साध्या मुळाक्षरांपासून सुरुवात करी. पुढे पुढे लोक त्या बेटाला विद्यापीठ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनाही शिक्षणाचे मोल कळत होते. म्हणून तर मंडेलांना शासन करायचे झाले, तेव्हा चार वर्षे त्यांचा अभ्यासाचा हक्क काढून घेण्यात आला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने कैद्यांविषयीची सुधारित नियमावली स्वीकारली आणि तिला मंडेलांचे नाव दिले. त्या नियमांत म्हटले आहे की, तुरुंगातील काम यातना देणारे नसावे आणि कामाचे तास असे ठरवावेत की आठवड्याला एक दिवस विश्रांती आणि शिक्षणासाठी पुरेसा वेळ उरावा. हे आमच्या वाचनात आले, तेव्हा आमच्या पत्रातला 'त्वरेने' हा शब्द आम्हांस आठवला.

आणि आपला महाराष्ट्र? सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थांच्या कल्पनेवरून, ती वसविली. खुनाच्या गुन्ह्यातील कैदी तेथे भिंतीविना आणि बेड्यांविना, केवळ विश्वासावर शेती करून राहू लागले. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच महोत्सवात त्याला कॅथलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक मिळाले होते, हे मात्र आपल्या मंडळींनाही ठाऊक नसते. तेथे मजुरी तीच, घामही तोच. फरक इतकाच की, माणसाला माणूस म्हणून विचारले गेले होते.

असे न विचारण्याची सवय किती खोल जाते, हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने दाखविले. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत झाडलोट कोणत्या जातीच्या कैद्याने करावी आणि स्वयंपाक कोणी करावा, हे जातीवरून ठरत होते. असे नियम घटनाबाह्य आहेत. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकण्याचा आदेश झाला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! चोराला आणि खुन्याला कोठडी एकच, पण केरसुणी मात्र जन्माने ठरलेली.

आता आमच्या गावाकडे येऊ. जानेवारी २०२४ मध्ये बाके आली, बिशपमहाराजांनी आशीर्वाद दिला, छायाचित्रे निघाली. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून ती हकिकत सांगितली : उलटा कागद, चष्मा, आमचे पत्र आणि अठ्ठ्याऐंशी दिवस. प्रवचन लहान होते, पण त्यानंतर चर्चच्या आवारात कोणी हलेना.

एक तरुण म्हणाला, "फादर, माझे वडील दुसऱ्याच्या वाडीत राबले. त्यांनी कोणाचा जीव घेतला नव्हता. त्यांच्या मजुरीवर कोणी प्रवचन केले नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, बाहेरच्या मजुराची उपेक्षा होते म्हणून आतल्याचीही व्हावी, असे नाही. दोन्ही प्रवचने व्हायला हवीत. पहिले आम्ही केले नव्हते, ही चूक आमची.

पण दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीचा धाकटा भाऊ पैशाच्या वादात मारला गेला होता. सातव्या बाकावर त्याचेच नाव आहे. त्या सर्व गेल्यावर सॅक्रिस्तीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझ्या भावाचं नाव त्याच्यासारख्याच एकानं कोरलं?"

आम्ही म्हणालो, "होय."

"ते तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, फादर."

होय, सांगायला हवे होते. बंदिवानाची आठवण ठेवता ठेवता, ज्याच्या घरातले माणूस गेले त्यालाच आम्ही विसरलो होतो. करुणेचे काम करणाऱ्यांकडून हा अपराध फार होतो. त्या भगिनी त्यानंतर सात-आठ महिने सातव्या बाकावर बसल्या नाहीत. मागे खांबाजवळ उभ्या राहत. आम्ही त्यांना क्षमेचा उपदेश केला नाही. क्षमा मागायचा आमचा हक्क होता, ती शिकवायचा नव्हता. ती आम्ही मागितली.

अर्थसमितीला तिचे श्रेय दिले पाहिजे. बंद्यांना परस्पर पैसे देता येत नाहीत. म्हणून समितीने अधिकाऱ्यांशी बोलून दरवर्षी वर्गासाठी अंकलिप्या, मोठ्या टाइपाची पुस्तके आणि पन्नाशीपुढच्यांसाठी चष्मे देण्याचे ठरविले. सॅक्रिस्तीसाठी एक कपाट करावयाचे होते, तेही आम्ही त्याच कारखान्यात सांगितले. मात्र या वेळच्या पत्रात लिहिले : 'कामाची घाई नाही. गुरुवारी साडेदहा ते बारा या वेळात आमचे काम करवून घेऊ नये, ही नम्र विनंती.' अधिकाऱ्यांनी ते वाचून मंद स्मित केले आणि तसे केलेही. कपाट चार महिने उशिरा आले. ते फार सुरेख झाले आहे.

मिस्त्री मात्र तोवर तेथे नव्हते. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांची दुसऱ्या कारागृहात बदली झाली. बदलीची वेळ कैद्याला आधी कळत नाही, मग आम्हांस कुठून कळणार? त्यांची पाटी वर्गाच्या कपाटात तशीच राहिली.

त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, आता दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस यांनी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात जाऊन ज्युबिलीचे पवित्र द्वार उघडले. महामंदिराबाहेर, तुरुंगात, असे द्वार उघडले गेलेले आम्ही प्रथमच पाहिले. ते दृश्य पडद्यावर बघताना आमच्या मनात आले, दार उघडले खरे. पण आत बसलेल्याला दारावर काय लिहिले आहे ते वाचता आले पाहिजे.

जानेवारीत एक आंतरदेशीय पत्र आले. तुरुंगाचा शिक्का होता. अक्षर मोठे, प्रत्येक ओळ खाली घसरत गेलेली, आणि शिरोरेषा मात्र गुण्या लावून ओढल्यासारखी सरळ. पत्र मिस्त्रींनी स्वतः लिहिले होते. तेथे शिक्षा भोगणारा एक पदवीधर तरुण इतरांना शिकवितो, त्याच्याकडे ते बसत. मजकूर पाच-सहा ओळींचा. तब्येत बरी आहे. चष्मा नीट आहे. चुलतभावाच्या थोरल्या मुलाला एक पत्र लिहिले आहे, उत्तर आलेले नाही, येईल असेही नाही. आणि शेवटी : तिसऱ्या बाकाचा डावा सांधा पावसात फुगला का, कुरकुरतो का, ते कळवावे, तेव्हा घाईत लाकूड नीट वाळले नव्हते.

आम्ही चर्चमध्ये जाऊन तिसऱ्या बाकावर बसून पाहिले. सांधा कुरकुरत होता.

त्याच आठवड्यात, सकाळच्या मिस्सानंतर, त्या भगिनी सातव्या बाकावर बसलेल्या दिसल्या. आम्ही जवळ गेलो, तसे त्यांनी वर न पाहताच सांगितले, "क्षमा केली असं समजू नका, फादर. बाक माझ्या भावाचं आहे, म्हणून बसले." आम्ही मान हलविली. बराच वेळ त्या नावाच्या खाचांवर हात ठेवून बसल्या होत्या. मग त्यांनी विचारले, "त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"त्यांचे पत्र आले आहे," आम्ही म्हणालो.

"स्वतः लिहिलंय?"

"होय. स्वतः."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ओढणी सावरून घरी गेल्या.

मिस्त्रींच्या पत्राचे उत्तर आम्ही त्याच संध्याकाळी लिहिले. मोठ्या अक्षरांत लिहिले, जोडाक्षरे शक्य तेवढी टाळली. एक मात्र टाळता आले नाही. पण ते त्यांना वाचता येते, हे आम्हांस ठाऊक होते.